गेटपास नसलेल्यांची घटना

बुऱ्हाणपुरात नोव्हेंबर आला हे कॅलेंडरआधी गाड्या सांगतात. केळीचे ट्रक बाराही महिने जातात, त्यांच्यावरून ऋतू ओळखता येत नाही. पण कापसाने फुगलेल्या गाड्या इतवाऱ्याच्या अरुंद वळणावर भिंतींना घासू लागल्या आणि जुन्या दगडांच्या खाचांत पांढरे धागे अडकून राहू लागले, की समजायचं. बुधवाऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतून सकाळी निघते तेव्हा तापीकडून येणारी हवा मनगटांना बोचते. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत मात्र सगळे महिने सारखेच असतात. तिथे काचेच्या बाटल्यांमध्ये केळीची बोटभर रोपं ठरवलेल्या तापमानात, ठरवलेल्या उजेडात वाढतात आणि बाहेर काय चाललं आहे याची त्यांना खबरही नसते.

वर्षातून एकदाच हा काटेकोर एकसारखेपणा मोडतो. सव्वीस नोव्हेंबरला आम्ही सगळे पांढऱ्या कोटांत व्हरांड्यात उभे राहतो आणि संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचतो. बहुतेकांचा आवाज प्रार्थनेचा असतो: सपाट, सवयीचा, शेवटाची वाट पाहणारा. माझा तसा लागत नाही. मागच्या वर्षी शेजारी उभी असलेली फरहीन वाचन संपताच माझ्या कानाशी म्हणाली, “यार, तू तो ऐसे पढ़ती है जैसे किसी ने छीन लिया हो!”

मी हसले. तिच्या निरीक्षणात चूक नव्हती. फक्त कोणी छिनून घेतलं नव्हतं, मुळात दिलंच नव्हतं. आणि ज्या नोव्हेंबरात ते आम्ही घेतलं, तो दरवर्षी कापसाच्या गाड्यांबरोबर परत येतो.

आमची वसाहत कागद कारखान्याची, शहरापासून दूर. बाबा खानदेशातून नोकरीसाठी इथे आले. त्यांच्या आगेमागे आणखी कितीतरी घरं आली. माझ्या लहानपणी वसाहतीला स्वतःचा वास होता. शिजवलेल्या बांबूचा, ओल्या लगद्याचा, थोडासा कुजकट. पाहुण्यांना मळमळायचं आणि आम्हाला तो नसला की चुकल्यासारखं व्हायचं. दिवसाचे भाग भोंगा पाडत असे. मग कारखाना नूतनीकरणासाठी बंद झाला. वास हळूहळू उतरला, भोंगा थांबला. स्वेच्छानिवृत्ती घेतलेली माणसं सकाळी सवयीने लवकर उठत, अंघोळी उरकत आणि ओट्यावर येऊन बसत. कुठे जायचं ते त्यांना सुचत नसे. त्या शांततेत मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते.

वसाहतीत एक मराठी मंडळ होतं. परप्रांतात आलेल्या माणसांनी उभं केलेलं, म्हणून त्याच्याबद्दल सगळ्यांना जिव्हाळा. गणपती, शिवजयंती, हळदीकुंकू, कोणाच्या घरी दुःख झालं तर डबे. सगळं मंडळ करी. त्याला लिखित नियम नव्हते, पण एक नियम सगळ्यांना पाठ होता: ज्याच्याकडे कारखान्याचा गेटपास, त्याला मत. पहिल्या पिढीत हे सोयीचं असणार. फाटकातून आत जाणारा तो आपला, इतकी सोपी व्याख्या. पुढे हीच व्याख्या घराघरात शिरली. आरतीचा मान पासधारकाचा, सभेत खुर्ची पासधारकाची; बायका मागे सतरंजीवर. डबे त्याच करत, पण डबा कोणाकडे जाणार ते खुर्च्यांवर ठरे.

मंडळाच्या हॉलला लागून एक खोली होती. तिथे निर्मलाकाकू संध्याकाळची अभ्यासिका चालवत. त्यांचे यजमान लगदा विभागात होते. मी शाळेत असताना काविळीने गेले. क्वार्टर भाडेपट्ट्याने काकूंकडे राहिलं, गेटपास कार्यालयात जमा झाला. काकूंनी त्या खोलीत सतरंज्या टाकल्या आणि दारात स्वतः बसू लागल्या. त्या शिकवत नसत. त्या फक्त बसवत. “पंखा चालू आहे, आता डोकं चालव,” हे त्यांचं एकमेव अध्यापन. ज्या घरांत एक खोली आणि एक टीव्ही होता, त्या घरांतल्या मुलींना दोन शांत तास मिळण्याची ती एकच जागा होती. मी आवर्तसारणी तिथे पाठ केली, कार्बनी रसायनाच्या अभिक्रिया तिथे सोडवल्या. आज मी जे काही आहे त्यातलं काकूंचं योगदान वेगळं काढून मोजता येणार नाही, आणि मोजता न येणाऱ्या गोष्टींवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. इथे ठेवते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तुकईथडला मामांकडे गेलो होतो. कापसाची वेचणी चालू होती. आई माहेरी गेली की दुसऱ्या दिवशी शेतात. पाहुणी म्हणून बसणं तिला जमत नाही. कमरेला ओटी बांधून ती आणि मामी ओळीने पुढे सरकत होत्या. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत शिरतात, नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात, आणि तरी हात थांबत नाही. मी थोडा वेळ वेचलं आणि मग बांधावर बसून आईला विचारलं, “तू विधानसभेला कोणाला मत दिलंस?”

“तुले काय करायचंय?”

“बाबांना सांगितलंस?”

“त्यांना कशाला सांगू? ते म्हणतात त्याला देते असं त्यांना वाटतं, वाटू दे.” मामी खुदकन हसली. आईने ओटीतला कापूस दाबून बसवला. “तिथे आत पडद्यामागे कोणी येत नाही बाई. तेवढी एक जागा आहे जिथे मला कोणी हाक मारत नाही.”

हे वाक्य मी वसाहतीत परत घेऊन आले, आणि आल्या आल्याच फलकावर सूचना लागलेली दिसली. मंडळाची लिखित घटना मंजूर होणार होती, आणि दिवस निवडला होता सव्वीस नोव्हेंबर. शुभ दिवस, असं त्या सूचनेत म्हटलं होतं. मसुद्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. सभासदत्व पूर्वीप्रमाणे गेटपासवर. आणि हॉल, शेजारच्या खोलीसकट, लग्नकार्यासाठी द्यायचा, अभ्यासिका बंद.

काकू अध्यक्षांकडे गेल्या तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. अध्यक्ष महाजनकाका म्हणजे निवृत्त फोरमन, सढळ हाताचे, मोठ्या आवाजाचे, वसाहतीच्या प्रत्येक मयताला सगळ्यांत आधी पोचणारे. दुष्ट माणूस नव्हे. दुष्ट असते तर भांडण सोपं झालं असतं.

“वहिनी, तुमचं काम चांगलं आहे, नाही कोण म्हणून राहिलं?” ते म्हणाले. “पण सभेत विषय मांडायला सभासद लागतो. तुमचं सभासदत्व दादांबरोबरच गेलं ना.”

काकू उठल्या. परतताना रस्त्यात थांबल्या आणि मला म्हणाल्या, “तू सायन्सवाली आहेस. मला एवढं सांग. ते गेले, पास गेला, ठीक. मी कुठे गेले?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी ग्रंथालयात गेले. आमच्या पाठ्यपुस्तकात देशाची घटना एका रंगीत चौकटीत संपली होती: समिती, तारीख, कलमांची संख्या, पाठ करा आणि गुण मिळवा. मी पहिल्यांदाच तिच्याकडे एखाद्या प्रयोगाकडे पाहावं तसं पाहू लागले, आणि अक्षरशः थक्क झाले. ज्या देशात बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तिथे या माणसांनी प्रत्येक प्रौढाला एका फटक्यात मत देऊन टाकलं. आधी जमीनदारांना, मग शिकलेल्यांना, मग कधीतरी बायकांना, अशा पायऱ्या केल्या नाहीत. स्वतःला प्रगत म्हणवणाऱ्या कितीतरी देशांनी त्या पायऱ्या चढायला पिढ्या घालवल्या होत्या. प्राथमिक चाचणी नाही, नियंत्रित गट नाही, थेट संपूर्ण लोकसंख्येवर. कोणत्याही सावध वैज्ञानिकाने हा आराखडा नाकारला असता.

पण मला जागेवर खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. ज्या सभेने हे केलं, ती स्वतः सगळ्यांच्या मतांनी निवडलेली नव्हती. तिला प्रांतांच्या कायदेमंडळांनी निवडलं होतं, आणि त्या कायदेमंडळांसाठी मत होतं ते थोड्यांना: मालमत्ता असलेल्यांना, शिकलेल्यांना. म्हणजे मोजक्यांच्या मतावर उभ्या असलेल्या सभेने बसून असा मजकूर लिहिला, की त्यानंतर मोजकेपणच उरू नये. त्यांच्या हातात फाटक होतं आणि त्यांनी ते आतून उघडलं. सव्वीस नोव्हेंबरला घटना स्वीकारली गेली तेव्हा बरीचशी कलमं जानेवारीपर्यंत थांबली, पण नागरिक कोण आणि निवडणुकांची जबाबदारी कोणाची, यासंबंधीची कलमं त्याच दिवसापासून लागू झाली. क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. आधी कोण मोजलं जाणार ते ठरवा. बाकी सगळं नंतर.

घरी हे सांगितलं तर बाबा घाबरले. बाबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बंद यंत्रांनाही वीज आणि पहारा लागतो, म्हणून काही मोजक्या माणसांना कामावर ठेवलं होतं, त्यांत ते होते. “बेटा, ही मंडळाची बात आहे, पार्लमेंटची नाही,” ते म्हणाले. “महाजनसाहेबांनी मला शिकाऊ असताना तारांची नावं शिकवली आहेत. सभेत तोंड उघडू नको.”

सभेच्या दिवशी हॉल भरलेला होता. महाजनकाकांनी उद्देशिका खणखणीत वाचली. सगळे उभे राहिले, बायकाही. मग खुर्च्यांवरचे बसले, सतरंजीवरच्या बसल्या, आणि मसुदा सुरू झाला.

“कलम तीन. कारखान्याचा गेटपास ज्याच्याकडे, तो सभासद. कोणाची हरकत?”

मी उभी राहिले. “काका, एक शंका.”

“बोल, सायन्सवाली. पण मत द्यायचं नाही हां, फक्त शंका.” खुर्च्या हसल्या.

“कलम तीन मला मान्य आहे.”

बाबांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला मागून दिसला. सिद्धतेची एक जुनी रीत आहे: समोरच्याचं गृहीतक खरं मानायचं आणि ते कुठे नेतं ते पाहत शांतपणे चालत राहायचं. “म्हणजे ज्याच्याकडे पास, त्यालाच मत. घटनेवरही तोच मत देणार. बरोबर ना?”

“एकदम बरोबर. पहिल्यापासून हेच चालून राहिलं.”

“मग काका, तुमचा पास दाखवा ना.”

काकांचा हात खरोखर छातीच्या खिशाकडे गेला. इतक्या वर्षांची सवय. तो तिथे थोडा वेळ राहिला आणि खाली आला.

“तो जमा झाला,” ते म्हणाले. “व्हीआरएस घेतलं की जमा करावाच लागतो. सगळ्यांनीच केले. पण होता ना! अख्खी नोकरी छातीला लावलाय तो मी.”

“आमच्या यांचाही होता.”

मागच्या रांगेतून निर्मलाकाकू बोलल्या होत्या. त्या उठल्याही नव्हत्या.

“वहिनी, ती बात वेगळी आहे,” खुर्च्यांमधून कोणीतरी म्हणालं.

“कशी वेगळी? तुम्ही जिवंत आहात म्हणून?” काकूंनी पदर सावरला आणि आता उभ्या राहिल्या. “मीही जिवंतच आहे, भाऊ.”

हॉलमध्ये एकदम सगळे बोलू लागले. आपण इतकी वर्षं ज्या फांदीवर बसलो ती कधीच तुटली आहे आणि आपण केवळ खाली न पाहिल्यामुळे अजून पडलेलो नाही, हे लक्षात आल्यावर माणसं जशी बोलतात तशी. गोंधळ थांबवण्यासाठी कोणीतरी ओरडलं, की ज्यांच्याकडे आज पास आहे त्यांनी हात वर करा. तीन हात वर झाले. पाण्याच्या पंपावरचे सोनवणे, दवाखान्यातले कंपाउंडर चौधरी, आणि माझे बाबा.

“म्हणजे मंडळ आम्ही तिघंच?” चौधरी म्हणाले. “च्यायला, मग गणपती कोण उचलणार?”

हसण्यात ताण सैल झाला, पण प्रश्न तसाच उभा होता. आणि माझ्या शांत सिद्धतेत मी एक गोष्ट धरलीच नव्हती: तिच्या शेवटी माझे बाबा उभे असतील. हवं तर त्यांना त्या क्षणी सगळं जसंच्या तसं ठेवता आलं असतं. त्यांनी महाजनकाकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मले भाषण येत नाही,” ते उठून म्हणाले. “मी लाइनीवरचा माणूस. एका फेजवर अख्खी वसाहत टाकली की काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तीन माणसांवर मंडळ टाकू नका. ज्याचं घर या वसाहतीत आणि वय अठराच्या वर, त्याला मत. बाई, माणूस, पासवाला, बिनपासवाला. मी हात वर करतो. ए सोनवणे, कर ना वर, काय पाहून राहिला?”

सोनवण्यांनी केला. चौधरींनी दोन्ही केले आणि बायकोने मागून हाक मारल्यावर एक खाली घेतला. कलम बदललं. महाजनकाकांनी पेन काढून जुनी ओळ खोडली आणि म्हणाले, “चला, आता मलाही मत आलं.” त्यांच्या या वाक्यासाठी मी त्यांना बरंच काही माफ केलं आहे.

इथे ही आठवण संपली असती तर ती शाळेत सांगण्याजोगी झाली असती. पण नव्या घटनेखाली पहिला विषय आला तो हॉलचा. काकू पहिल्यांदाच समोर जाऊन बोलल्या. थोडंच बोलल्या: पोरींना बसायला जागा नाही, एवढीच एक आहे. मग हात मोजले गेले. खुर्च्यांवरचे आणि सतरंजीवरचे सारखेच, एकेक करून. आणि काकू हरल्या.

त्यांच्या विरोधात वर झालेल्या हातांमध्ये एक हात माझ्या आईचा होता. नखांच्या कडेला कापसाच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या.

घरी जाताना मी संतापले होते. आई तिच्या नेहमीच्या चालीने चालत होती. “काकूच्या विरोधात नाही मी,” ती म्हणाली. “इथल्या पोरींच्या लग्नाला हॉल शोधत बुऱ्हाणपूरभर फिरावं लागतं, ते तुले ठाऊक नाही. मला हॉल पाहिजे होता.”

“पण काकूंसाठीच तर हे सगळं...”

आई थांबली. “तू मला मत मिळवून दिलं, की तुझं मत मला दिलं?”

मला वाटतं की घटना नावाच्या गोष्टीचा सगळा कस त्या एका प्रश्नात आहे. प्रयोग करणाऱ्याला निष्कर्ष निवडता येत नाही. सगळ्यांना मत द्या म्हणणाऱ्या त्या मोजक्या माणसांनाही हे ठाऊक असणारच: ज्यांना आपण मोजायला लागलो, ते उद्या आपल्याविरुद्ध मोजले जातील. तरीही त्यांनी हात वर केले. लोक अजून तयार नाहीत, त्यांना कळत नाही, ते चुकीचं निवडतील, हे युक्तिवाद तेव्हाही होते, आणि आजही कुठल्या ना कुठल्या खुर्चीवरून रोज ऐकू येतात. माझं म्हणणं एवढंच, की चुकीचं निवडण्याचा हक्क माझ्या आईचा आहे. तो कोणाच्या खिशातल्या पासावर अवलंबून नाही. माझ्या शहाणपणावर तर मुळीच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी अभ्यासिकेच्या खोलीत मांडववाल्याच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. काकूंनी हॉलच्या बाहेरच्या पायऱ्यांवर, दिव्याखाली सतरंज्या घातल्या होत्या आणि त्या सगळ्यांत वरच्या पायरीवर बसल्या होत्या. मुली स्वेटर घालून पुस्तकांवर वाकल्या होत्या. दिव्यावरचे किडे पानांवर पडत होते.

“काकू, आपण हरलो,” मी म्हणाले.

“हरलो कशाला?” त्यांनी एका मुलीच्या वहीवरचा किडा फुंकरीने उडवला. “महाजनभाऊ म्हणाले होते, वहिनी, तुम्ही नाहीच. काल सभा म्हणाली, वहिनी, तुम्ही कमी आहात. कमी असलेलं वाढवता येतं, बेटा. नसलेलं कशाने वाढवणार?”

तेव्हापासून दर नोव्हेंबरात, मंडळाच्या वार्षिक सभेत, काकू खोलीचा ठराव मांडतात. दरवर्षी हरतात. कधी लग्नाच्या तिथींमुळे, कधी लोक कंटाळतात म्हणून, एकदा तर महाजनकाकांनी त्यांच्या बाजूने मत देऊनही. पायऱ्यांवर बसून शिकलेल्या काही मुली आता अठरा वर्षांच्या झाल्या आहेत. सभेला येतात, हात वर करतात. सगळ्याच काकूंच्या बाजूने करतात असं नाही. काकू त्यांना काही विचारत नाहीत. थंडी वाढली की त्या फक्त एक सतरंजी जास्त आणतात.

परवा त्यांचा फोन आला. माझी पीएच.डी.ची मुलाखत जवळ आली आहे, हे त्यांना माहीत होतं. आधी त्याची चौकशी केली, मग सभेचा दिवस सांगितला.

“या वेळी तरी होईल का, काकू?” मी विचारलं.

“ते मोजल्यावर कळेल. घर इथे आहे ना तुझं? मग ये.”

आज सकाळी मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे रजेचा अर्ज घेऊन गेले. मुलाखत तोंडावर आली असताना सुट्टी, तीही मतदानासाठी, हे वाचून त्यांनी चष्मा वर केला.

“आता कोणती निवडणूक आहे?”

“आमच्या वसाहतीची, सर,” मी म्हणाले. “बहुधा आम्ही हरणार आहोत.” आणि पेन उघडून त्यांच्यापुढे धरलं.